उघड्या पाठीची बदकी

मित्रांनो, मी अड्याळजवळच्या एका खेड्यातली म्हातारी बदकी. माझ्या पाठीवर डाव्या पंखाशी कातडी उघडी दिसते. तिथली पिसं गेली ती परत आलीच नाहीत.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यानंतर एका कोंबडीच्या पोटाखाली आम्ही भावंडं जन्मलो. घर होतं तुलारामचं. तो गावच्या तलावात मासे धरायचा. आम्हांला मात्र त्याची बायको धुरपता सांभाळायची. तिचा हात मायेचा होता. मूठमूठ कोंडा कालवून ती आमच्यापुढं ठेवायची आणि खुराड्याचं दार लावून घ्यायची. प्यायला एक चपटी वाटी. अंग भिजवायला थेंबही नाही.

आम्ही वाढलो, खुराडं तेवढंच राहिलं. पिवळी लव जाऊन खरी पिसं फुटू लागली. कोवळ्या पिसाच्या देठात रक्त असतं, मित्रांनो. उकाड्यात, गर्दीत, पोटाला नुसता कोंडा. कुणीतरी कुणाचं पीस ओढलं. रक्त दिसलं. मग सगळ्या चोची तिथंच वळल्या. थोड्याच दिवसांत आमच्या पाठी लाल, उघड्या पडल्या.

शेजारची सखाबाई डोकावली. "धुरपते, बदकाची पिल्लं हायेत ना वो? पान्याबिगर काहून ठेवली?"

"पान्याचं नाव नोको काढू, मावशी," धुरपता म्हणाली. "माहं लेकरू नेलं त्यानं. आता हे नाई देत."

तिचा तीन वर्षांचा मुलगा तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, घसरून पाण्यात बुडाला होता. तेव्हापासून तिनं तिकडं पाऊल टाकलं नव्हतं.

तुलारामनंही समजावलं. "काहून कोंडून रायली यायले? पाहा, एकमेकायले टोचून रायले."

"बाहेर काढलं का थेट तलावात जातीन. मी नाई काढत." तिनं आमच्या पाठींना हळद लावली आणि दाराला आणखी एक दोरी बांधली.

एका सकाळी माझी धाकटी बहीण खाली मरून पडलेली होती. शेपटीकडचं मांस उघडं पडलं होतं. धुरपतानं तिला ओंजळीत घेतलं. "कोंडून ठेवली तरी मेलीच," ती म्हणाली. मग कुणाला न सांगता आम्हांला टोपल्यात भरलं, टोपलं डोक्यावर घेतलं आणि ती पाळीकडं निघाली.

पाणी दिसताच आम्ही उड्या घेतल्या. आजवर तसं सुख मिळालं नव्हतं. पण अंगावर पिसंच नव्हती, पाणी अडणार कशानं? उरलेली लव भिजली, अंग जड झालं, थंडी हाडांत शिरली. एकेक मान पाण्यावर आडवी होऊ लागली.

"अरे, बुडून रायले!" धुरपता ओरडली आणि लुगड्यासकट पाण्यात शिरली. छातीएवढ्या पाण्यात चाचपडत तिनं आम्हांला गोळा केलं. निम्मीच जिवंत निघालो. त्यांतली दोघं तिच्या पदरात थरथरत गेली.

जाळं तसंच सोडून तुलाराम धावत आला. ती पाळीवर बसून आक्रोश करत होती.

"रड," तो तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. "पोराच्या येळी नोयती रडली तू."

उरलेल्यांना तिनं चुलीजवळ सुकवलं. जखमा भरेपर्यंत वेगवेगळं ठेवलं. मग अंगणात मोठं कुंपण आलं, घमेल्यात उथळ पाणी आलं, तुलाराम तलावातल्या गोगलगायी ठेचून घालू लागला. हळूहळू पिसं आली, त्यांवर पाणी अडवणारं आमच्याच अंगचं तेल चढलं, तेव्हाच आम्ही पुन्हा तलावात उतरलो. गेलेली भावंडं मात्र पाळीखाली पुरलेली आहेत.

मित्रांनो, पिल्लं पाळाल तर त्यांना मोकळी जागा द्या, किडामुंगी खाऊ द्या, अंग धुण्यापुरतं पाणी द्या. पिसं गेलेल्या पिल्लाला खोल पाण्यात सोडू नका. धुरपतानं आम्हांला जीव लावला, आणि त्याच हातानं कोंडलंही. तुम्ही पिल्लाला कुरवाळाल तेव्हा त्याची पिसं जरा बाजूला सारून खालची कातडी पाहत जा.