दहा मिनिटं दहा सेकंद

आमच्या केजच्या वर्कशॉपात कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी लेथ आहे. तिच्यावर पाणबुडी मोटारीचा एक शाफ्ट अकरा मिनिटांत निघतो. त्यातले पन्नास सेकंद माझे. रॉड चकात, म्हणजे मशीनच्या पकडीत, धरायचा, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं. उरलेली दहा मिनिटं दहा सेकंद ती कापते आणि मी उभा असतो. या उभं राहण्यानं माझी चार लग्नं मोडली.

चौथ्या स्थळानं विचारलं होतं, "काम बटण करतंय, मग पगार तुला कावून?" मला उत्तर दोन दिवसांनी सुचलं, पण ते पटण्यासारखं नव्हतं.

पाचवे म्हाळूमामा. तलवाड्याला मेंढरं आणि एक मुलगी, मोहिनी. मोहिनीला मी पसंत होतो, मला ती. फक्त मामांना मी काम करताना बघायचं होतं. म्हणजे सगळंच बाकी होतं.

मालक बजरंगदादांनी सकाळीच युक्ती काढली. "परमेश्वर, कोपऱ्यातली जुनी लेथ चालू कर. हिकडं बटण दाबलं की तिकडं पळ. तिची चाकं हातानं फिरवावी लागतेत. घाम दिसला पायजे."

"तिच्यावर कापू काय?"

"कायबी काप. न्हाईतर नुसती फिरव."

मामा दोन एसट्या बदलून आले. स्टूल दिलं, बसले नाहीत. मी बटण दाबलं आणि जुन्या लेथकडे पळालो. चाक फिरवलं. परत येऊन काचेतून डोकावलो. परत पळालो. एक पान्हा उचलून दुसरीकडे ठेवला, मग त्याला तिथं करमणार नाही असं वाटून जागेवर आणला.

"लई कामाचं पोरगं, मामा," दादा म्हणाले. "एका जागी थांबतच न्हाई."

"ते दिसतंय."

चौथ्या मिनिटाला मी जुन्या लेथवर मन लावून हवा कापत होतो. पाठ सीएनसीकडे.

"आवाज बदलला," मामा म्हणाले.

"कशाचा?"

"तुझ्या मशीनचा. घसा धरलाय."

धावत जाऊन लाल बटण दाबलं. काचेआड लोखंडाचा लांब कीस शाफ्टला गुंडाळून चिमणीचं घरटं झालं होतं. टूलचं टोक उडालेलं, शाफ्ट भंगार. दादा फोनवर बोलायला बाहेर गेले. त्यांचा फोन टेबलावर चार्जिंगला होता.

"तिकडं काय करीत होता?" मामांनी विचारलं.

"काय न्हाई. नुसतं फिरवीत होतो."

"आन रोज?"

"रोज हितंच उभा असतो. आवाज ऐकतो. बिघडतंय वाटलं की थांबवतो. बाकी कायबी करत न्हाई."

"मग आज कावून केलं?"

"तुमी बघायला आलतात."

मामांनी काचेतून आत बघितलं. "मेंढरं चरतेत, मी उभा असतो. तीस वर्षं झाली. मलाबी लोक रिकामा म्हणतेत. पर मी मेंढराकडं पाठ करीत न्हाई." मग त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. "दुसरा लाव. आन काय करू नको."

नवं टोक बसवलं, नवा रॉड धरला, बटण दाबलं, उभा राहिलो. हात कुठं ठेवायचे कळेना. खिशात घातले तर माज दिसतो. मागे बांधले तर मी सरपंच दिसतो. घडी घातली तर वाढदिवसाच्या बॅनरवरचा भावी कोणीतरी. शेवटी लोंबू दिले. तिसऱ्या मिनिटाला नाक खाजलं. सहाव्याला पायांना मुंग्या आल्या. मामा मशीनकडे नाही, माझ्याकडे बघत होते, हे मानेला कळत होतं. आठव्याला आवाज जरा जड झाला. मशीन थांबवली, दार उघडून कीस आकड्यानं ओढला, पुन्हा चालू केली, पुन्हा लोंबलो.

शाफ्ट निघाला. मामांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि मोहिनीला फोन लावला.

"बघितला. न्हाई, कायबी करत न्हाई. व्हय, पर कायबी न करणं नीट करतो."

पलीकडून ती बरंच काही बोलली. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मामांनी फोन खिशात ठेवला.

"ऐतवारी तलवाड्याला ये. दिवसभर मेंढरामागं थांबायचं. बसायचं न्हाई."

"येतो."

"दुपारचं पाणी ती आणती म्हणली."