साखळीच्या कोठीतला आवाज

जहाजाच्या पुढच्या टोकाला ज्या सर्वांत महागड्या खोल्या होत्या, त्यांतल्या एका खोलीत उतरलेल्या बाईंची झोप उडाली होती. समुद्र जरा हलला की पलंगाखालून कुठून तरी ठण्ण असा आवाज यायचा. मग थोडा वेळ शांतता, आणि डोळा लागतोय न लागतोय तोच पुन्हा ठण्ण. बाईंनी तक्रार केली, उशा बदलून घेतल्या, पुन्हा तक्रार केली. शेवटी जहाजावर पाहुण्यांची सगळी सोय बघणाऱ्या हॉटेल मॅनेजरने डेकच्या सारंगाला बोलावलं.

डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम तो सारंग. दोर, नांगर, जीवरक्षक होड्या आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने रोज नव्याने धरणारा गंज, हे सगळं त्याच्याकडे. माणूस कमी बोलायचा. त्याचा धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली खलाशी होता आणि घरातलं बोलायचं काम त्याने आपल्याकडे घेतलं होतं. धाकट्याला जहाजावर आणलं ते सारंगानेच. आई नको म्हणत होती. एकाच टोपलीत सगळी अंडी कशाला, असं तिचं म्हणणं. धाकटा हसून म्हणाला होता, दादा आहे की टोपली धरायला.

सारंगाने ठिकठिकाणी पोलादी भिंतीला कान लावून तो आवाज शोधून काढला. नांगराची साखळी जिथे साठते त्या कोठीतली शिडी खालून सुटली होती आणि लाटेबरोबर भिंतीवर आपटत होती. दुरुस्ती म्हणावी तर पाच मिनिटांची. दोराने आवळली तरी बंदर येईपर्यंत भागलं असतं. अडचण कोठीची होती.

ही कोठी म्हणजे पोलादाची विहीर. वर माणूस कसाबसा शिरेल एवढं तोंड, त्यावर झाकण, आणि आत ओल्या साखळीचा ढीग. गंज लोखंड खातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. बंद जागेत तो हवेतला प्राणवायूही खातो, हे लोक विसरतात, कारण उरलेल्या हवेला वास येत नाही, रंग नसतो, ठसका लागत नाही. माणूस उतरतो, दोन-चार श्वास घेतो आणि खाली बसतो. म्हणून नियम असा की, आधी मोठ्या पंख्याने कोठीत भरपूर वेळ हवा सोडायची, मग दोरीला बांधून मीटर तळापर्यंत सोडायचं, आणि मीटरने होकार दिल्यावरच माणूस. नाकावर विश्वास ठेवायचा नाही. नवा खलाशी आला की सारंग त्याला हे झाकणाशेजारी उभं करून सांगायचा. धाकट्यालाही सांगितलं होतं.

पण पंखा लावला की सगळा पुढचा भाग घोंघावतो. आणि त्या दिवशी पुढच्या डेकवर खास पाहुण्यांचं जेवण होतं.

मॅनेजर खलाशांच्या वाटेवरच सारंगाला गाठून बोलला. पांढऱ्या कपड्यांतले वाढपी थाळ्या घेऊन जात-येत होते. सगळ्यांच्या कानावर जाईल अशाच बेताने तो बोलत होता. आवाज आजच बंद व्हायला हवा, आणि पंखा लावता येणार नाही. सारंगाने सांगितलं की दोन्ही एकदम व्हायचं नाही; उद्या बंदर लागेल, पाहुणे उतरतील, तेव्हा पंखा लावून काम करू.

"एक शिडी बांधायला तुम्हाला बंदर लागतं?" मॅनेजर म्हणाला. "मग इतकी वर्षं इथे करता काय? रंग लावता?"

वाढप्यांपैकी कोणीतरी हसला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सारंगाला नवा नव्हता. पण त्याच्या मागे दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन धाकटा उभा होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"दादा, पाच मिनिटांचं काम आहे," तो नंतर म्हणाला. "मी जातो, बांधतो, येतो. त्या माणसाचं तोंड तरी बंद होईल."

"कोणी जायचं नाही."

"मी श्वास रोखून जाईन."

"कोणी जायचं नाही म्हणजे तूही नाही," सारंग म्हणाला. "घरी धाकटेपणा कर, इथे नको."

धाकट्याने मान डोलावली. सारंग मागच्या डेकवर गेला. तिथे उद्याच्या बंदरासाठी जाडे दोर उलगडून तपासायचे होते. एकेक दोर हातातून सरकवत, झिजलेली जागा चाचपत तो पुढे जात होता. हे काम त्याला आवडायचं. दोर खोटं बोलत नाही, असं तो म्हणायचा.

अर्ध्याहून अधिक दोर झाले असतील. कमरेचा वॉकीटॉकी बोलू लागला. मॅनेजर होता, आणि आवाज एकदम मधाळ. बाईंनी खाली निरोप पाठवला होता की आवाज थांबला, त्या फार खूश आहेत, ज्याने काम केलं त्याला आभार कळवा.

सारंगाच्या हातातला दोर खाली पडला. समुद्र तसाच हलत होता. सुटलेली शिडी आपोआप थांबत नाही.

जहाजाच्या शेपटापासून नाकापर्यंत जायला खलाशांची वाट खालून आहे. धोबीखाना, भांडी घासायची खोली, पिठाची पोती, कचरा दाबायचं यंत्र, सगळं ओलांडून. सारंग त्या वाटेने धावला. धावता धावताच त्याने वॉकीटॉकीवर सांगितलं की साखळीच्या कोठीत माणूस पडला आहे, श्वासाची नळकांडी घेऊन या. माणूस पडल्याचं त्याने अजून पाहिलं नव्हतं. पण त्याला ते कळलं होतं.

कोठीचं झाकण उघडं होतं. पोपट म्हणून ज्याला सगळे हाक मारत, तो धाकट्याचा जिवलग, एक पाय आत टाकून बसला होता आणि धाकट्याला हाका मारत होता. सारंगाने त्याची कॉलर धरली आणि त्याला मागे ओढलं. पोपट उठून पुन्हा तोंडाकडे गेला. सारंगाने त्याच्या थोबाडीत मारली. मग तो स्वतः त्या तोंडावर आडवा झाला. छातीने आणि हातांनी ते बुजवलं. फक्त टॉर्च आत जाईल एवढी फट ठेवली.

खाली धाकटा साखळीच्या ढिगाला टेकून बसला होता. जेवण झाल्यावर माणूस डुलकी काढतो तसा. शिडीचं खालचं टोक नीट बांधलेलं होतं. काम पुरं करून तो वर यायला वळला असावा.

"सोड मला," पोपट म्हणत होता. तो सारंगाच्या पाठीवर बुक्के मारत होता. "मी दम धरून जातो. अरे, तुझा भाऊ आहे तो."

"तोही दम धरूनच गेला होता."

"मग तू जा ना. तू तरी जा."

टॉर्चच्या उजेडात सारंगाला धाकट्याचा हात दिसत होता. त्या हाताची बोटं हलली. साखळीच्या कडीवर ती एकदा मिटली आणि सुटली. सारंगाने ते पाहिलं. उतरावं की नाही, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला नाही असं नाही. दहा पायऱ्यांची शिडी होती. पण धाकट्याला उचलून आणायला लागणारा दम त्याच्याकडे नव्हता, कोणाकडेच नव्हता. आता पंखा आणून लावला तरी हवा तळापर्यंत पोचायला फार वेळ लागला असता. तो उतरला असता तर मागून पोपट उतरला असता, आणि पोपटामागून अजून कोणी. अशा कोठ्यांतून एक माणूस काढायला गेलेले तीन-तीन जण मेलेले निघाल्याच्या गोष्टी त्यानेच नव्या मुलांना सांगितल्या होत्या. तो तिथे पडून राहिला आणि त्याने भावाला एकच हाक सतत मारली, लहानपणी उठवायचा तशी. बोटं पुन्हा हलली नाहीत.

नळकांडीवाले आले ते धापा टाकत. सारंग बाजूला झाला. त्यांनी धाकट्याला पट्ट्यात अडकवून वर घेतलं. डॉक्टर त्याच्या छातीवर बराच वेळ दाबत राहिली. मग तिने घड्याळाकडे पाहिलं. वरच्या डेकवर जेवण चालू होतं. वाजंत्र्यांचा ठेका पोलादातून खाली येत होता.

संध्याकाळी खलाशांच्या खानावळीत चॉकलेटचा एक मोठा डबा आला. बाईंनी पाठवला होता. त्यांना काही सांगितलेलं नव्हतं, पाहुण्यांना असलं सांगत नाहीत. डबा टेबलावर तसाच राहिला. सारंग ज्या बाकावर बसला त्या बाकावर दुसरं कोणी बसलं नाही. पोपट पलीकडे बसून सांगत होता, आणि सारंगाला ऐकू जावं म्हणूनच सांगत होता, की भाऊ खाली आणि हा झाकण होऊन बसला. त्याच्या गालावर सारंगाची बोटं अजून उमटलेली होती. तो जिवंत होता, जेवत होता, आणि यासाठी त्याला कोणाचे आभार मानायचे नव्हते.

घरी फोन सारंगानेच केला. फोन धाकट्याच्या बायकोने घेतला. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही.

"भाऊजी, तुम्ही तिथे होतात?"

"होतो."

"ते हलत होते?"

"एकदा."

"आणि तुम्ही उतरला नाहीत."

"नाही."

तिने फोन आईकडे दिला. आईला त्याने पुन्हा सगळं सांगितलं, गंजाचं, हवेचं, उतरला असता तर काय झालं असतं त्याचं. आई मध्येच म्हणाली, "मला समजावू नकोस. तू जिवंत आहेस हे मला कळतं. पण ती समोर बसली आहे रे. तिच्यासमोर मी ते सुख कुठे ठेवू?" मग ती म्हणाली, "त्याला पाठव. तू त्याच्याबरोबर येऊ नकोस. मागून ये."

मागून म्हणजे कधी, हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

बंदर लागलं. धाकट्याला मागच्या दाराने उतरवलं, जिथून भाजी चढते आणि कचरा उतरतो. कंपनीच्या माणसाने सारंगाला विमानाचं तिकीट देऊ केलं होतं. त्याने ते नाकारलं. कंपनीच्या माणसाला वाटलं, कामाचा पक्का आहे.

पाहुणे गाव बघायला गेले. मग कोठीवर पंखा लावला. सगळा पुढचा भाग घोंघावू लागला आणि कोणी तक्रार केली नाही. शिडी वेल्डिंगने पक्की करायची होती, त्याआधी धाकट्याने बांधलेला दोर सोडायला हवा होता. सारंगाने मीटर सोडलं, वर घेतलं, पुन्हा सोडलं. मग कमरेला दोरी बांधून घेतली. वर दोरी धरायला माणूस लागतो. तो कोणाचं नाव घेणार, तेवढ्यात पोपट पुढे आला आणि त्याने दोरीचं टोक स्वतःच्या हाताला गुंडाळून घेतलं.

खाली हवा चांगली होती. सारंग साखळीवर गुडघे टेकून बसला. गाठ त्याच्याच पद्धतीची होती, शेवटी एक वेढा जास्त घेतलेली. अंगणात आईच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर त्याने ती धाकट्याला शिकवली होती, आणि आई दोघांवर ओरडली होती, कारण ती दोरी मग कोणालाच सोडवेना. समुद्राच्या ओलीने आता इथली गाठ आणखी आवळली होती.

"काय झालं?" वरून पोपटाने विचारलं.

"गाठ घट्ट आहे."

"मग काप की. सुरी आहे ना कमरेला?"

सुरी होती. सारंगाने तिला हात लावला नाही. तो नखांनी गाठीचा एकेक पीळ सैल करत बसला. वेल्डर वर खोळंबला होता, त्याने दोनदा हाक मारली. पोपटाने त्याला काहीतरी सांगून गप्प केलं आणि दोरी तशीच ताणून धरून ठेवली.