गिअरबॉक्सचा ताप

बेंबोका गाव मागे पडलं आणि घाटाचं पहिलं वळण लागलं, तेव्हा मोबाईलवर गिअरबॉक्सच्या तापाचा आकडा एकशे चार होता. तिसऱ्या वळणाला एकशे आठ झाला. नोलीन हार्टनेटने आधी गाडीतला एसी बंद केला, मग चारही काचा खाली केल्या. फेब्रुवारीतली, इथल्या ऐन उन्हाळ्यातली, दुपारची झळ आत आली. मागे दोन टनांची कॅराव्हॅन, गाडीला जोडलेलं चाकांवरचं घर, डुलत होती, आणि तिच्याही मागे, आरशात मावत नव्हता एवढा, लाकडाच्या ओंडक्यांनी भरलेला ट्रक अगदी टेकून येत होता.

"कुठे चाललोय आपण?" शेजारच्या सीटवरून तिच्या नवऱ्याने, डेसने विचारलं.

"घरी. कूमाला."

"हां." तो खिडकीबाहेर बघायला लागला. समुद्रकिनारा सोडल्यापासून त्याने हे चौथ्यांदा विचारलं होतं, आणि चारही वेळा नोलीनने त्याच आवाजात उत्तर दिलं होतं. ते तिला आता जमायला लागलं होतं. हा घाट जमेल की नाही, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.

डेस हार्टनेटने कूमात एक्केचाळीस वर्षं गिअरबॉक्स दुरुस्त केले. डोंगरातले शेतकरी, बर्फ साफ करणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर, शाळेच्या बसवाले, सगळे त्याच्याकडे यायचे. गाडी आवारात शिरतानाच नुसत्या आवाजावरून तो दुखणं सांगायचा. नोलीनने त्याच गावच्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत सव्वीस वर्षं चादरी धुतल्या आणि घड्या घातल्या. दर फेब्रुवारीत दहा दिवस ती दोघं कॅराव्हॅन घेऊन पांबुलाच्या किनाऱ्यावर जायची. एवढीच त्यांची चैन.

दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी डेसच्या आजाराचं नाव सांगितलं आणि त्याचा गाडी चालवायचा परवाना गेला. कॅराव्हॅन घराच्या बाजूला ताडपत्रीखाली उभी राहिली. कॅनबेराला राहणारी त्यांची मुलगी जनीन म्हणाली, विकून टाका. नोलीनही विकणार होती. पण सप्टेंबरात इथला वसंत ऋतू आला तसा डेस रोज सकाळी उठून कॅराव्हॅनच्या टायरना पायाने दाबून बघायला लागला, आणि पांबुलाला कधी निघायचं म्हणून विचारायला लागला. रोज. पहिल्यांदा विचारल्यासारखं. शेवटी एका रविवारी नोलीन गोरानकडे गेली.

गोरान डेसच्याच हाताखाली शिकला होता, आता ते गॅरेज त्याचं होतं. त्याचा बाप डोंगरातले बोगदे खणायला युगोस्लाव्हियातून आला आणि इथलाच झाला. गोरानने आठ रविवार तिला जत्रेच्या मोकळ्या मैदानावर कॅराव्हॅन ओढायला शिकवली. तोवर तिने आपल्या छोट्या गाडीपलीकडे काही चालवलं नव्हतं, आणि वय सदुसष्ट. मागे घेताना ती दोनदा रडली. गोरान दोन्ही वेळा दुसरीकडे बघत उभा राहिला.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने स्टिअरिंगच्या खाली काडेपेटीएवढं एक यंत्र खोचलं आणि तिच्या मोबाईलवर अ‍ॅप घालून दिलं. गिअरबॉक्सच्या तेलाचा ताप त्यात दिसायचा.

"मिसेस हार्टनेट, शंभरपर्यंत बिनधास्त," तो म्हणाला होता. "एकशे दहाला सांभाळा. एकशे वीसला जागा मिळेल तिथे थांबा, पण इंजिन बंद करू नका. चालू राहिलं तर तेल फिरतं, निवतं. एकशे तीसच्या वर तेल करपतं. मग काही खरं नाही."

जाताना हा घाट उतरणीचा होता. आकडा नव्वदीच्या वर चढलाच नाही आणि तिची भीड चेपली. आता तोच घाट चढायचा होता. दहा किलोमीटर, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल झाडी, आणि मोबाईलला रेंज अजिबात नाही. रेंज नसली तरी आकडा मात्र दिसत होता. एकशे बारा.

गाडी आपोआप गिअर बदलत होती. जरा चढ कमी झाला की वरचा गिअर घ्यायची, लगेच दम लागल्यासारखी खाली यायची, पुन्हा वर. प्रत्येक वेळी नोलीन आकड्याकडे बघायची. एकशे पंधरा. थांबायला जागा कुठेच नव्हती. ट्रकवाल्याने एकदा भोंगा वाजवला.

"वास येतोय," डेस म्हणाला.

"कसला?"

त्याचा हात दाराच्या कडीवर गेला. नोलीनने घाईघाईने दारांच्या कुलपाचं बटण दाबलं. कडी दोनदा खटखटली. मग तो वळला आणि तिच्याकडे बघायला लागला.

"ही गाडी कोण चालवतंय?"

"मी चालवतेय, डेस. नोल."

बसमध्ये शेजारी येऊन बसलेल्या माणसाकडे बघावं तसं त्याने तिच्याकडे बघितलं आणि तो जरा सरकून बसला. असं आधी घरात दोनदा झालं होतं, पण तेव्हा ती स्वयंपाकघरात होती, पायाखाली जमीन होती. आता तिला रस्ता बघायचा होता, आरसा बघायचा होता, आकडा बघायचा होता आणि नवऱ्याचा हातही बघायचा होता. एकशे एकोणीस. तेल करपलं तर गाडी इथेच, वळणावर, ट्रकच्या तोंडाशी बंद पडणार, आणि डेस उतरून चालायला लागणार. कुठेही. हा एकच विचार तिच्या डोक्यात घोळत राहिला.

पुढच्या वळणाला डावीकडे खडीची मोकळी जागा दिसली. तिने गाडी आत घेतली. ट्रक धूळ उडवत निघून गेला. तिने गिअरचा दांडा पार्किंगवर टाकला, हँडब्रेक ओढला, इंजिन चालू ठेवलं. गाडी कॅराव्हॅनच्या ओझ्याने एक बोटभर मागे सरकली आणि थांबली.

एकशे तेवीस. एकशे चोवीस. नोलीनने मोबाईल हातात घेतला आणि आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी त्या आकड्याकडे बघत बसली. एकशे चोवीस. एकशे तेवीस. एकशे एकवीस. तिच्या मानेवरून घामाचा ओघळ गेला. एकशे एकोणीस झाले तेव्हा तिला हायसं वाटलं.

"उतरतोय रे," ती म्हणाली.

शेजारची सीट रिकामी होती. दार उघडं होतं. दांडा पार्किंगवर टाकला की या गाडीची कुलपं आपोआप उघडतात, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

ती उतरून धावली. आधी कठड्याशी. खाली नेच्यांचं रान आणि त्यातून पाण्याचा आवाज, दुसरं काही नाही. तिने हाक मारली. मग रस्त्याच्या कडेला गेली, वर बघितलं, खाली बघितलं. कॅराव्हॅनच्या मागे जाऊन आली. पुन्हा हाक मारली, तेव्हा तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. माघारी येताना गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाजवळ तिला बूट दिसले. तपकिरी बूट, चवडे वर.

डेस गाडीखाली उताणा पडला होता.

जागा चढाची होती. चाकांना लावायच्या लाकडी पाचरी कॅराव्हॅनच्या पेटीत होत्या, तिने काढल्याच नव्हत्या. हँडब्रेक एकदा बोटभर सुटलेला तिने स्वतः अनुभवला होता. पाचरी आणायला जावं तर तेवढ्यात गाडी सरकली तर? पाय धरून ओढावं तर तो अजूनही तिच्या दुप्पट ताकदीचा, घाबरला तर आतच धडपडेल. ती वळसा घालून आपल्या सीटवर चढली आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला.

आता तो तिला दिसत नव्हता.

"डेस, बाहेर ये."

वरून एक ट्रक उतरत आला आणि गेला, तशी सगळी गाडी हादरली. तिने ब्रेक आणखी जोराने दाबला. हे पाय किती वेळ टिकतील?

"डेस, ऐक माझं. मी नोल आहे. बाहेर ये ना."

खालून पत्र्यावर बोटाने टकटक केल्याचा आवाज आला, बस. एवढ्याने तो जिवंत आहे हे कळलं, पण ऐकत नाही हेही कळलं. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं ती गॅरेजमध्ये डबा घेऊन जायची. डेस गाडीखाली असला की तिच्या हाकेला ओ द्यायचा नाही. जेवण निवून जायचं. पण गिऱ्हाईक आलं की कितीही आत असला तरी बाहेर यायचा. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणं त्याला आवडायचं नाही.

नोलीनने डोळे पुसले. घसा साफ केला.

"मिस्टर हार्टनेट," ती म्हणाली, "माझी गाडी बघून झाली का हो?"

खालची टकटक थांबली.

"दोन मिनिटं, मॅडम. आलोच."

खडीवर पाठ घासल्याचा आवाज आला. मग एक हात, मग टक्कल, मग सगळा डेस गाडीच्या बाजूने वर आला. तो नीट उभा राहीपर्यंत तिने ब्रेकवरचे पाय काढले नाहीत. तो पुढून फिरून तिच्या खिडकीशी आला. शर्टाला खडीची धूळ होती. त्याने गाडीच्या छतावर हात ठेवला, जरा वाकला, आणि तिच्याकडे बघून हसला. ते हसू तिने हजारदा बघितलं होतं, पण नेहमी बाजूला उभी राहून, दुसऱ्यांसाठी.

"गळती कुठे नाही," तो म्हणाला. "बॉक्स चांगला आहे. पण मघापासून ऐकतोय, गाडी एका गिअरला ठरत नाहीये. सारखी वर-खाली, वर-खाली. ओझं मागे आहे, चढ आहे. तेल तापणार नाही तर काय?"

"मग मी काय करू?"

"दांडा हाताने बदलायच्या बाजूला घ्या. तिसऱ्यावर ठेवा आणि माथ्यापर्यंत हलवू नका. इंजिन ओरडेल. ओरडू द्या. ओरडून कुठलं इंजिन मेलेलं मी बघितलं नाही. गिअरबॉक्स मात्र गुपचूप मरतो."

काल याच माणसाने दुधाची बाटली ओव्हनमध्ये ठेवली होती. त्याच्या बोलण्यावर विसंबू नका, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. तिने मोबाईलकडे बघितलं. आकडा एकशे तीनवर आला होता, पण पुढे काय करायचं ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

"माझ्याबरोबर वरपर्यंत येता?" तिने विचारलं. "मला एकटीला भीती वाटते."

त्याने घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघितलं. "येतो की," म्हणाला. पलीकडून येऊन बसला आणि स्वतःच पट्टा लावला. एरवी तो तिला लावून द्यावा लागायचा.

तिने तिसरा गिअर धरला. इंजिन असं काही ओरडायला लागलं की तिला वाटलं, आता फुटणार. ताशी चाळीसच्या वर गाडी जाईना. एकशे सात. एकशे नऊ. डेसने तळवा पुढच्या फळीवर पसरून ठेवला होता आणि डोळे मिटले होते. एका अवघड वळणावर तिचा हात दांड्याकडे गेला.

"राहू द्या," तो डोळे न उघडता म्हणाला.

एकशे दहा. मग एकशे दहाच. पुढचं वळण, एकशे दहा. त्याच्या पुढचं, एकशे नऊ. नोलीनने कितीतरी वेळाने पूर्ण श्वास घेतला. झाडी विरळ झाली, आभाळ मोठं झालं आणि माथ्यावरची पिवळी गवताळ माळरानं समोर पसरली.

निमिटबेल गावातल्या बेकरीसमोर तिने गाडी थांबवली. या वेळी आधी पाचरी लावल्या. एक पाचर दोनदा निसटली. मोबाईलला रेंज आली आणि जनीनचे तीन चुकलेले फोन दिसले. नोलीनने फोन करून सांगितलं, घाट चढलो, सगळं ठीक आहे. बाबा कसे आहेत, असं जनीनने विचारलं. ती म्हणाली, खूप मदत केली त्यांनी.

डेस फुटपाथवरच्या नळाखाली हात धूत होता. एकेक बोट, नखांच्या कडा, मनगटाच्या वरपर्यंत. तिने कॅराव्हॅनमधून टॉवेल आणून दिला. त्याने "थँक यू" म्हणून हात पुसले आणि टॉवेलची नीट घडी करून परत दिला. ती पाचरी काढून सीटवर बसली. तो मात्र गाडीत बसला नाही. तिच्या खिडकीशी उभा राहिला.

"निघा आता," म्हणाला. "पुढे सपाट आहे. काही त्रास होणार नाही."

"आणि तुम्ही?"

"मी जाईन कोणाच्या तरी गाडीने. बायको वाट बघत असेल."

रस्त्यावरून मेंढ्यांची गाडी गेली, ती लांब जाईपर्यंत नोलीन तिकडेच बघत राहिली.

"कुठे राहता?"

"कूमाला."

"मी तिकडेच चाललेय. बसा. सोडते तुम्हांला."

त्याने जरा विचार केला, मग फिरून आला आणि बसला. गुडघ्यांवर हात ठेवून, परक्या गाडीत बसतात तसा, अंग चोरून.

"गाडी चांगली चालवता तुम्ही," तो म्हणाला. "माझ्या बायकोलाही येईल बहुतेक. मी कधी विचारलंच नाही तिला."

नोलीनने दांडा ओढला. आरशात बघितलं. मागचा रस्ता मोकळा होता.