हळद-कुंकू लागलेलं पोतं

लग्न ठरताना मी एकच अट घातली होती, धनुष्य सोडणार नाही. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय जातं? नंदीबैलही डोलावतो.

लग्नानंतर मुकुंदवाडीतल्या दोन खोल्या आणि वरची गच्ची एवढंच माझं मैदान उरलं. गारखेड्याच्या क्रीडा संकुलावर सरावाला जाऊ का विचारलं की माझा नवरा, बद्रीनाथ, म्हणायचा, "बघू." नाही म्हणणारा माणूस परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. रविवारी त्याच संकुलावर तिरंदाजीची निवड चाचणी होती. यंदा राहिलं तर पुढच्या वर्षी कडेवर मूल असणार, आणि मग मला कोण सोडतंय? म्हणून गच्चीवरच सराव करायचं ठरवलं.

लक्ष्य विकत आणणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. शहागंजातल्या शिंप्याकडून कापडाच्या कतरणीचं गाठोडं आणलं, वाण्याकडून गव्हाचं रिकामं पोतं आणि पुठ्ठ्याची खोकी. पोत्यात कतरण भरायची, आत उभं राहून पायांनी तुडवायची, पुन्हा भरायची. ढिलं भरलं तर बाण आरपार जातो. पाठीमागं पुठ्ठ्याचे थर लावले, दाभणानं तोंड शिवलं. बद्रीनाथनं वरून सुतळी आवळून दिली. त्या संध्याकाळी तो मला फार आवडला.

पोत्यावर जुन्या धोतराचा तुकडा ताणून शिवला. रंग आणायला त्याला सांगितलं, तो विसरला. दुसऱ्या दिवशीही विसरला. मग मी घरातलंच घेतलं. परात, ताट, ताटली, वाटी पालथी घालून गोल काढले आणि पिठाच्या खळीत रंग कालवून भरले. बाहेर तव्याची काजळी, आत नीळ, मग कुंकू, मधोमध हळद. टाकीच्या भिंतीला टेकवून ठेवलं. इतकं देखणं झालं होतं की वाळेपर्यंत मी समोरून हलले नाही.

नेमक्या त्याच दुपारी देवगाव रंगारीहून सासूबाई आल्या. वाळवणाला जागा बघते म्हणून गच्चीवर गेल्या. मी धनुष्य घेऊन वर पोचते तर त्या डोक्यावर पदर घेऊन पोत्यापुढं वाकलेल्या! वर दोन फुलंही ठेवलेली.

"आत्याबाई, ते माझं नेम धरायचं पोतं आहे. देव नाही."

"आसंल पोतं. आता हळद-कुंकू लागलंय ना?"

"रंग नव्हता म्हणून लावलं."

"कशापायी का लावंना. हळद-कुंकू लागलं का ते पुजायचं असतंय. त्याला बाण मारती व्हय?"

"मग धुऊन टाकते."

"कुंकू पुसती? सवाष्ण हायेस ना तू?"

मारायचं नाही, पुसायचं नाही, आणि दुसरं बनवायला वेळ नाही. मी स्वतःच्या हातानं स्वतःला शिवून घेतलं होतं. राग इतका आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचा आणखी राग आला.

माझं तोंड बघून त्या जरा नरमल्या. "बद्री येऊ दे. घर त्याचं हाये. त्यो म्हनला पोतं, तर पोतं. मग मार खुशाल."

मला एकदम हायसं वाटलं. ते पोतं त्याच्याही हाताखालून गेलं होतं, त्याला वेगळं काय सांगायचं?

तो वाळूजहून कंपनीतून आला तसा चहासुद्धा न देता मी त्याला वर नेलं. सासूबाईंनी विचारलं, "सांग रं बद्री, काय हाये हे?"

त्यानं पोत्याकडं पाहिलं. मग माझ्या हातातल्या धनुष्याकडं पाहिलं. मला त्याच्या तोंडून फक्त एक शब्द हवा होता.

त्यानं पायातल्या चपला काढल्या, बाजूला नीट ठेवल्या आणि हात जोडले.

"उभी काय राहिलीस?" तो मला म्हणाला. "धनुष्य ठेव खाली. पाया पड."

मी धनुष्य खाली ठेवलं आणि वाकले.