सरकणारी पट्टी

“आधी हात पुसायचे, मग श्वास धरायचा, आणि मगच डोळे झाकायचे —” गजाननरावांचा तो किंचित नाकातला आवाज कानात तसाच होता, पण समोर ना शाई होती ना काच, नुसता एक बाण होता. पांढरा, बोटाच्या पेराएवढाही नाही, मीनाक्षीचा हात जरा हलला की कॉम्प्युटरच्या पडद्यावर भलतीकडेच पळणारा.

हॉस्पिटलच्या फोटो-विभागात गजाननराव तिचे वरिष्ठ होते. पेशंटचा फोटो वर्गात, सभेत दाखवायचा असला की त्याची पारदर्शक स्लाइड खालून उजेड असलेल्या काचेवर ठेवायची आणि बारीक कुंचल्यानं डोळ्यांवर काळी शाई भरायची, हे त्यांनीच तिला शिकवलं. शाई वाळली की संपलं. मग तिनं कितीही म्हटलं तरी ते डोळे त्या स्लाइडमधून परत उघडत नसत. मूळ निगेटिव्ह कपाटात, आणि कपाटाची किल्ली तिच्या कनवटीला. गजाननराव निवृत्त होऊन मिरजेला गेले, मागच्या वर्षी डिजिटल कॅमेरा आला, डार्करूममध्ये सलाइनची खोकी रचली गेली, आणि जिथं प्रिंट धुतल्या जायच्या त्या हौदात आता कुणीतरी चहाचे कप विसळत असे. तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नव्हतं. प्रिंट पक्क्या करायच्या हायपोच्या पाण्यानं दरवर्षी थंडीत तिचे हात फाटत, ते थांबलं. कॉम्प्युटर शिकायला पाठवलं तेव्हाही ती मुकाट्यानं गेली, नवं स्तोत्र पाठ करावं तशी एकेक कळ घोकून आली. काळा चौकोन काढायचा, लांबट करायचा, डोळ्यांवर ठेवायचा. मनाशी तिनं म्हटलं होतं, हे तर तेच.

“काकू, काल तुमच्या पट्टीनं धमाल केली!”

शिशिर दारातच हसत उभा होता. सर्जरीचा हा निवासी डॉक्टर मूळचा अमरावतीचा; इतक्या दूर उत्तरेत मराठी बोलायला मिळतं म्हणून चहाला इकडे यायचा.

“कसली पट्टी?”

“अहो, डिपार्टमेंटची मीटिंग होती ना. सगळ्या स्लाइड्सना मी ॲनिमेशन टाकलं होतं, एकेक वस्तू आपली ऐटीत आत येते. तर आधी पेशंटचा चेहरा आला, हा एवढा, भिंतभर... आणि मग तुमची पट्टी डावीकडून उडत उडत आली नि डोळ्यांवर बसली. आमचे सर म्हणतात, यार शिशिर, तेरी फ्लाइट लेट हो गई!”

मीनाक्षी हसली. त्यानं नक्कलच तशी केली होती.

“कुठला रे पेशंट?”

“ती भाजलेली. झिरकपूरची.”

हसू तोंडावर तसंच राहिलं; ते कुठं ठेवावं हे तिला कळेना. “पण मी तर झाकले होते डोळे,” ती म्हणाली.

“झाकलेच होते हो. पण ती पट्टी फोटोच्या वर नुसती ठेवलेली असते. फोटोत नसते ती. हवी तेव्हा उचलायची — बघा.” त्यानं उभ्याउभ्याच माउस घेतला, बाण पट्टीवर नेला आणि ती बाजूला सारली, उशीवरचा केस उचलावा इतक्या सहज.

खाली तिचे, जसविंदरचे, डोळे होते. उघडे, थेट मीनाक्षीकडे — कारण फोटो काढताना तिनंच सांगितलं होतं, मेरी तरफ देखो, सिर्फ मेरी तरफ.

किती वेळ लागला होता तिला ओढणी काढायला... शिवणकाम करणारी बाई, घरातसुद्धा नाकापर्यंत ओढणी घेऊन वावरणारी. संमतीच्या कागदावर सही तिनं आधीच केली होती. पण सही वेगळी आणि ओढणी वेगळी. “मैं तां अपने मुंडे नूं वी नहीं दिखाया, भैणजी,” ती म्हणाली होती. स्वतःच्या मुलालाही दाखवला नाही. आणि मीनाक्षीनं कॅमेरा खाली ठेवून, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं होतं, डॉक्टरों के काम के लिए है, आँखें मैं खुद ढकूँगी. और कभी किसी ने ऐसे ही देख लिया, तो मैं खुद आकर तुम्हें बताऊँगी. कुणी मागितला नव्हता हा शेवटचा शब्द. तो आपणहून तोंडातून गेला होता, संकल्प सोडताना पळीतलं पाणी जावं तसा.

“आता ही पट्टी फोटोतच मिसळून टाक,” ती शिशिरला म्हणाली. त्यानं ते चटकन केलंही. “झालं. आता देवसुद्धा उचलू शकत नाही.”

“आणि कालची?”

“कालची सीडी? ती नेली सगळ्यांनी कॉपी करून. दिल्लीचे पाहुणे होते, त्यांनीही नेली.” त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, आवाज उतरला. “सॉरी काकू, मला लक्षात यायला हवं होतं. पण एवढं नका लावून घेऊ. डॉक्टरच आहेत सगळे, रोजच बघतात. आणि तिला कोण सांगणार आहे?”

कोण सांगणार आहे... तो गेल्यावरही ते वाक्य खोलीत राहिलं. ती दिवसाची कामं करत गेली. एका पायाचे फोटो, एका हाताचे. ओठांशी रामरक्षा सवयीनं चालू होती आणि तिच्या खालून दुसरंच काही वाहत होतं. चूक शिशिरची. छे, चूक यंत्राची. शिकवणाऱ्यानं सांगायला नको होतं? आणि सांगून काय होणार. पुढच्या महिन्यात जसविंदरचं दुसरं ऑपरेशन, ती घाबरून आलीच नाही तर? पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसली नाही तर? न सांगणं हीच दया नाही का... शिरो मे राघवः पातु, भालं दशरथात्मजः, कौसल्येयो दृशौ पातु... दृशौ, डोळे. तिथं ती थांबली. रोज म्हणत होती. आज तिथं पाय अडखळल्यासारखं झालं.

इतकी वर्षं कितीजणींना तिनं हा धीर दिला होता, आणि एकदाही तो खोटा ठरला नव्हता. तिला वाटायचं, आपण शब्दाच्या पक्क्या. पण तिनं केलं काय होतं? शाई वाळत होती, कपाट बंद राहत होतं, निगेटिव्ह एकच होतं. शब्द त्या वस्तू पाळत होत्या. ती नुसती देत होती. हे मनात आलं तेव्हा तिला दुःखही झालं नाही, फक्त गार वाटलं... जिन्यात एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं.

चारच्या सुमारास तिनं घरी फोन केला. लेक कादंबरी होती.

“मम्मा, आज आपकी चतुर्थी है ना? पापा पूछ रहे हैं, मोदक कौन बनाएगा?”

“बाबांना म्हणावं, उकड काढून ठेवा. मला उशीर होईल.”

“पापा और उकड!” कादंबरी खिदळली. “जा कहाँ रही हो?”

“झिरकपूरला. एका बाईंकडे.”

“काम है?”

“हो,” ती म्हणाली, मग थांबून, “माझं आहे.”

सेक्टर सतराच्या स्टँडवर बस उभीच होती. खिडकीची जागा मिळाली. वाक्य जुळवायला हवं होतं. मराठीत तिला ते जमलं असतं: हे बघ, असं झालं की, म्हणजे कुणाच्या मनात तसं काही नव्हतं, पण... मराठीत एक गोष्ट सांगायला दहा वाटा होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा गोष्टीपाशी न जाणाऱ्या. तिची हिंदी बाजारापुरती, ओपीडीपुरती. त्यात कर्ता, कर्म, क्रियापद. वळसे घालायला जागाच नाही. लोगों ने तुम्हारा चेहरा देख लिया. मेरी गलती से. तिनं ते दोनदा मनात म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा ‘मेरी’ वर ती जरा अडखळली, पण शब्द जागचे हलले नाहीत.

“कित्थे जाणा, भैणजी?” कंडक्टरनं विचारलं.

“झिरकपूर,” ती म्हणाली, आणि मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून सरळ बसली.