दुसरा रिमोट

बिट्टी लहान असतानाच वडिलांनी दुसरं लग्न केलं. घरात आलेल्या बाईला आई म्हणायला तिने साफ नकार दिला. वडील संतापले, तेव्हा ती बाईच म्हणाली, "राहू द्या हो. मी नवी आहे, तर नवीच म्हणू दे मला." तेव्हापासून तिचं नाव 'नवी' पडलं. ती जुनी झाल्यावरही बदललं नाही.

दोघींचं बोलणं कामापुरतं असे. मग वडिलांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. त्याला रिमोट दोन, आणि शेजारी बिट्टीच्या वयाचं कुणीच नव्हतं. एका दुपारी नवी ओले हात पुसत येऊन बसली. "मला उडी मारायला शिकवशील?"

आधी नवी अगदीच ढ होती. खड्डा आला की रिमोटसकट स्वतःच जागेवरून उडायची, आणि बिट्टी पोट धरून हसायची. हळूहळू तिचा हात बसला. कॅसेट अडली की फुंकर मारायचं काम तिचं. तिची फुंकर हमखास लागू पडे. पण खेळ बंद झाला की पुन्हा भाजीत मीठ आहे का, एवढंच.

शिकून झाल्यावर बिट्टीला दुसऱ्या शहरात औषधांच्या दुकानात नोकरी लागली. निघताना तिने टीव्हीमागची वायर उपसायला घेतली.

"तो इथे राहिला असता तर..." नवी म्हणाली.

"बाबांनी माझ्यासाठी आणलाय तो."

नवीने वाद घातला नाही. वायर नीट गुंडाळली, दोन्ही रिमोट टॉवेलात बांधून दिले.

बिट्टीच्या खोलीत टीव्हीच नव्हता. खोकं माळ्यावर गेलं आणि घरं बदलली तरी बांधलेलंच राहिलं. फोनवर नवी विचारायची, "खेळतेस का गं?" बिट्टी म्हणायची, "हो, कधीमधी."

वडील गेले. मग नवीच्या डोळ्यांनी दगा दिला. मधली नजर गेली, फक्त कडेकडेचं दिसू लागलं. त्या बातमीनंतर बिट्टीने खोकं उतरवलं. रिमोटची रबरं विरघळून चिकटली होती, कॅसेट हिरवी पडली होती. काही केल्या चालू होईना. दुकानातल्या सहकाऱ्याने मग तिच्या लॅपटॉपवर एम्युलेटर टाकून दिला. "लॅपटॉप त्या जुन्या डब्याचं सोंग घेतो," तो म्हणाला, "खेळ तोच."

सुट्टीच्या दिवशी ती दोन नवे रिमोट घेऊन घरी गेली. लॅपटॉप टीव्हीला जोडला. सुरुवातीची धून वाजली आणि नवी ताठ बसली.

"हा आपला!"

बिट्टी सांगत होती, "आता उडी! आता!" पण तिने सांगेपर्यंत, नवीने ऐकून बटण दाबेपर्यंत, खड्डा गिळून मोकळा व्हायचा.

"यात मागे जाता येतं," बिट्टी घाईने म्हणाली. "पडायच्या आधी. थांब हं." तिने खेळ मागे नेला. नवी पडली. पुन्हा मागे नेला. पुन्हा पडली.

शेवटी नवीने रिमोट मांडीवर ठेवला. "तू खेळ. मी ऐकते. आणि काय गं, आपला तो डबा कुठाय?"

बिट्टीला थाप सुचली होती, पण ती ओठांवर येईना. "गंजला. मी तिकडे त्यावर कधी खेळलेच नाही."

"कधीच नाही?"

"नाही."

टीव्हीवरची धून संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"मला वाटायचं, कुणी मैत्रीण बसत असेल तुझ्याशेजारी," नवी म्हणाली. "बरं वाटायचं. दुपार मग जायची कशीतरी."

त्यात तक्रार नव्हती. असती तर बिट्टीला भांडता तरी आलं असतं. "तेव्हा हट्ट का नाही केलास?" तिने विचारलं.

"मी कशी करणार हट्ट? तुझ्या बाबांनी तुझ्यासाठी आणला होता."

नवी उठली आणि चहा टाकायला भिंतीला हात लावत स्वयंपाकघराकडे निघाली. बिट्टीही उठली. धरावं की नुसतं मागे चालावं, ते तिला ठरवता येईना.