अंबूबाईंच्या नावाची जाळी

रस्त्याकडेला रोपाभोवती उभी करतात ना, ती मी, मित्रांनो, एक जुनी लोखंडी जाळी. गोल, तुमच्या खांद्याएवढी उंच, हिरव्या रंगाची आणि रंग उडाला तिथं तांबूस. तुम्ही मला रोज पाहता आणि रोज विसरता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जाळीकडे कुणी पाहूच नये, आतल्या झाडाकडे पाहावं. माझी अडचण एवढीच, की कितीतरी वर्षं माझ्या आत झाडच नव्हतं. जिच्यापाशी राखायला काही नाही तिनं आपली कहाणी सांगावी का, असं मनात येऊन मी अनेकदा गप्प बसले. आताही मला नीट सांगता येईल याची खात्री नाही. पण राग पुष्कळ साठला आहे, आणि आतल्या आत गंजण्यापेक्षा बोललेलं बरं.

आमचं गाव विट्यापासून फार लांब नाही. नाव सांगत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. इथल्या घराघरांतली माणसं सोनं गाळायच्या धंद्यासाठी परमुलखात पसरली आहेत. त्यांना गलाईवाले म्हणतात. कुणी कलकत्त्याला, कुणी कोइमतूरला. पण जत्रेला सगळे गावी येतात, आणि येताना गावासाठी काहीतरी देतात. माणसं मोठ्या मनाची आहेत, यात शंका नाही. फक्त दिलेल्या वस्तूवर नाव हवं. आमच्या देवळातल्या पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा देणाऱ्यांची नावं आहेत. पंखा बंद असला की नाव वाचता येतं, वारा लागत नाही. पंखा लावला की वारा लागतो, नाव वाचता येत नाही. यावर आजवर कुणालाही उपाय सुचलेला नाही.

दादासो हे असेच एक कोइमतूरचे शेठ. त्यांची आई अंबूबाई गेली, तेव्हा तिच्या नावानं गावात झाडं वाढावीत म्हणून त्यांनी जाळ्या करून दिल्या. अश्फाकच्या वेल्डिंगच्या दुकानात ठिणग्यांच्या पावसात माझा जन्म झाला. अश्फाकनं मला एका बाजूला छोटं दार ठेवलं. तण काढायला, आळं करायला आत हात गेला पाहिजे म्हणून. समोरच्या बाजूला पाटी बसवली, 'कै. अंबूबाई यांच्या स्मरणार्थ'. रंग वाळत होता तेव्हा मला फार मोठं काम मिळाल्यासारखं वाटत होतं.

दादासोंची अट एकच होती. आईचं नाव येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता आलं पाहिजे. आता येणारेजाणारे कुठं असतात? मोठ्या रस्त्यावर. म्हणून मला नव्या कॉलनीच्या रुंद रस्त्यावर उभं केलं. तिथं प्रत्येक बंगल्याच्या आवारात आधीच आंबा होता, नारळ होता, बाहेर दुतर्फा गुलमोहोर होते. सावलीची तिथं टंचाई नव्हती. पण नावं वाचणारे डोळे तिथं होते. इतर दात्यांच्याही जाळ्या हळूहळू त्याच रस्त्याला आल्या, आणि जुन्या बाजारामागच्या गल्ल्यांना एकही गेली नाही.

माझ्यातलं पहिलं रोप पुढच्या वैशाखात वाळलं. त्याला पाणी घालणं नगरपालिकेचं काम, असं कॉलनीचं मत होतं. दारातल्या झाडाकडे दारातले लोक बघतील, असं नगरपालिकेचं. पावसाळ्यात पाहुणे आले, त्याच खड्ड्यात दुसरं रोप लावलं, नारळ फोडला, फोटो काढले. तेही वाळलं. मग पुन्हा पाहुणे, पुन्हा तोच खड्डा. खड्ड्यालाही एव्हाना सवय झाली असावी. पुढं पुढं पाहुणेही थांबले. अश्फाकनं केलेलं ते छोटं दार एकदाही कुणी उघडलं नाही. त्याची बिजागरी गंजून धरली. कुणी माझ्यावर पायपुसणी वाळत घातली, कुणी मला सायकल बांधली, आणि एका शिकवणीवाल्यानं आपली जाहिरात थेट अंबूबाईंच्या पाटीवर डकवली.

मग कृष्णात सुभेदारांनी माझ्या बुडाशी दोडक्याचं बी टोचलं. फौजेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ माझ्या समोरच्याच बंगल्यात राहतात. दोडक्याला ते रोज न चुकता दोन वेळा पाणी घालत. मित्रांनो, मला दोडक्याचा राग नाही. वेल बिचारा गुणी होता. पण ज्या माणसाला रोपासाठी तांब्याभर पाणी जड झालं, त्यानंच वेलाला बादल्या ओताव्यात, हे बघून माझ्या सगळ्या पट्ट्या तापायच्या.

याच रस्त्यानं फरीदा हातगाडी घेऊन जायची. तिचं पिंजाऱ्याचं घर, जुन्या बाजारामागच्या गल्लीत. लोकांच्या गाद्या उसवून कापूस पिंजायचा, पुन्हा भरायचा आणि पोचवायचा, हा तिचा धंदा. घर एवढंसं, त्यामुळं गादी पसरायची ती दारापुढं, उघड्यावर. वरून ऊन, शेजारून पत्र्यांची धग. आदल्या उन्हाळ्यात ती काम करताकरता गादीवरच कोसळली होती. डॉक्टरांनी उन्हात बसू नका म्हणून सांगितलं. उन्हात बसायचं नाही तर कापूस कुठं पिंजायचा, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. कॉलनीत आली की ती माझ्यापाशी थांबायची, पदरानं तोंड पुसायची आणि माझ्या आत वाकून बघायची. तसं आत बघणारी ती एकटीच.

त्या वर्षी गावात एक चांगली गोष्ट घडली. संयोगिताबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेनं काही माणसं गोळा करून गट केला. झाडं लावायच्या आधी ही मंडळी चैत्रातल्या भर दुपारी गावच्या सगळ्या गल्ल्यांतून पायी हिंडली, कुठं सावली आहे आणि कुठं नाही ते अंगावर घेत. परतताना कॉलनीच्या गुलमोहोरांखाली आली तेव्हा सगळ्यांनी डोक्यावरचे रुमाल आणि पदर काढले. त्यांनी ठरवलं की जिथं एकही झाड नाही, तिथं आधी लावायचं. मला वाटलं, आता सुटले. किती भोळी होते मी.

रोपं गल्ल्यांत गेली, पण गल्ल्यांत शेळ्या. फरीदाच्या दारात कडुनिंब लावला. तिनं त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं, रोज भांडी विसळलेलं पाणी घातलं. शेजारच्या मोहिद्दीनचाचांच्या शेळीनं काटे बाजूला सारून तो खाल्ला. दुसरा लावला, तोही खाल्ला. ही हकिगत फरीदानं संयोगिताबाईंना माझ्यासमोरच सांगितली.

"चाचांना म्हनलं, तुमची शेळी माझी सावली खातीया. तर म्हनत्यात, मुकं जनावर हाय, त्याला काय कळतंय."

संयोगिताबाई हसल्या, पण त्यांचा चेहरा थकलेला होता. जाळ्यांसाठी त्या सगळीकडे फिरून आल्या होत्या. नवीन जाळी द्यायला दाते तयार होते, पण मोठ्या रस्त्यालाच. दात्यांच्या बैठकीत एकानं तर सांगितलं, की गल्लीतल्या लोकांना झाडांची आवडच नाही, नाहीतर इतक्या वर्षांत वाढली नसती का. हे तो गुलमोहोराखाली खुर्ची टाकून बोलला.

"मग ही न्या की," फरीदा माझ्यावर हात ठेवून म्हणाली. "ही तर रिकामीच हाय."

संयोगिताबाई म्हणाल्या, की जाळी दात्याची आहे, त्याला विचारल्याशिवाय हलवता येत नाही. त्यांनी तिथंच दादासोंना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं ते शांत, सभ्य आणि नकाराचं. गल्लीत आईचं नाव कोण वाचणार? तोवर सुभेदार फाटकात येऊन उभे राहिले होते. जाळी आमच्या दारात आहे, म्हणजे आमची आहे, आणि आता दोडक्याला फुलं लागली आहेत, असं त्यांनी जाहीर केलं. झाडासाठी केलेली जाळी झाडाला द्यायला एक मेलेलं नाव, एक जिवंत शेठ आणि एक दोडका आडवे आले. मला ओरडता आलं असतं तर त्या दिवशी ओरडले असते.

जत्रेला दादासो गावी आले. कॉलनीत त्यांचाही बंगला आहे. वर्षभर बंद, जत्रेला उघडा. सकाळी ते आईचं नाव बघायला म्हणून माझ्याजवळ आले आणि शिकवणीची जाहिरात बघून जागच्या जागी थबकले. मग नखानं ती खरवडू लागले. तेवढ्यात फरीदाची हातगाडी आली. गाडीवर अंबूबाईंचीच गादी होती. शेठनी ती जत्रेआधी पिंजून ठेवायला सांगितली होती. आईची म्हणून ते तिच्यावरच निजत असत.

फरीदानं गाडी लावली. शेठ खरवडत होते, तिकडे ती जरा वेळ बघत राहिली.

"शेठ, एक इचारू? राग धरू नगा. तुमच्या आई ह्या रस्त्यानं कवा गेल्या व्हत्या का?"

दादासो थांबले. आठवत राहिले. "न्हाई," ते म्हणाले. "तवा हितं रान व्हतं."

"आमच्या गल्लीत दर साली यायच्या. दिवाळीच्या आधी ही गादी घिऊन. दुसऱ्या कुनाच्या हाती कवा धाडली न्हाई. गादी भरून हुईस्तवर आमच्या भिंतीकडंला बसायच्या. ऊन आलं की सरकायच्या, परत आलं की परत सरकायच्या. म्हनायच्या, फरीदा, तुझ्या दारात एक झाड असतं गं, तर मी दिवाळीपतूर हलली नसती."

 दादासोंच्या हातात जाहिरातीचा अर्धा कपटा तसाच राहिला.

"हितं नाव वाचनारं लय हायत, शेठ. पर त्यातलं एक तरी त्यास्नी वळखत हुतं का?"

शेठनी उरलेली जाहिरात खरवडून काढली. मग फाटकाकडे बघून हाक मारली, "सुभेदार, दोडकी काडून घ्या. जाळी हलवायची हाय."

सुभेदार कुरकुरले. वेलाचं काय, म्हणाले. शेठ म्हणाले, कुंपनावर चढवा, तुमचंच हाय.  सुभेदार पिशवी आणायला आत गेले.

इथं गोष्ट संपली असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण नगरपालिकेच्या रस्त्यावरची जाळी हलवायला परवानगी लागते, आणि ती देणारे साहेब रजेवर होते. ते आले तर शिक्का नव्हता. रिकामी जाळी तीन गल्ल्या पलीकडे जाईपर्यंत मृगही सरला. दोडका तोवर कुंपणावर चढून दुसऱ्यांदा फुलला होता.

अखेर मी पिंजाऱ्यांच्या गल्लीत आले. फरीदानं बिजागरीत गोडंतेल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं, आणि माझं दार उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाचा तरी हात आत आला. तिनं आळं केलं, नवा कडुनिंब लावला. संध्याकाळी मोहिद्दीनचाचांची शेळी आली. तिनं मला चारी बाजूंनी हुंगलं, शिंगं घासली, तोंड घालून पाहिलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी तिचं काही चोरलं आहे. मित्रांनो, त्या दिवशी मला माझा जन्म कशासाठी झाला ते कळलं.

आता कडुनिंब माझ्या डोक्यावरून वर गेला आहे. फरीदा कापूस पिंजते तेव्हा पुंजके उडून माझ्या पट्ट्यांना चिकटतात आणि मी पांढरी होते. सावली अजून सुपाएवढीच आहे. तिच्यात फरीदा मावत नाही, तिची पाण्याची कळशी मावते. माझी पाटी इथं कुणी वाचत नाही. पण गल्लीतल्या बायका एकमेकींना सांगतात, "कळशी अंबूबाईच्या सावलीत ठेव." दादासो मागच्या जत्रेला आले, तेव्हा ते हे ऐकून भिंतीकडेला बसले, आणि ऊन आलं तसे सरकले.

माझ्या बरोबरीच्या कितीतरी जाळ्या अजून मोठ्या रस्त्यावर रिकाम्या उभ्या आहेत. संयोगिताबाई एकेका दात्याच्या दारी जातात, कुणी देतो, पुष्कळ जण विचार करतो म्हणतात. मोहिद्दीनचाचांच्या दारात अजून ऊनच आहे. जुन्या जाळीचं कुणी किती ऐकावं, मला ठाऊक नाही. तरी दोन गोष्टी मागते. हा कडुनिंब जाड झाला की माझ्या पट्ट्या त्याच्या खोडात रुतायच्या आत मला कापून काढा, आणि चाचांच्या दारात नेऊन जोडा. आणि रस्त्यानं जाताना आमच्यापैकी कुणी दिसली, तर पाटी मागाहून वाचा. आधी वाकून आत बघा.